चाचांची दोन बोटं

जगातलं निम्मं दुःख चुकीच्या तेलामुळे झालेलं आहे, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या तापीकाठच्या गावात माझ्या घराला लागून राहणारे चाचा. तेल म्हणजे इंजिनातलं. खाण्याच्या तेलाबद्दल त्यांचं काही म्हणणं नाही. चाची भजी कशात तळते हे त्यांनी कधी विचारल्याचं आठवत नाही. पण शेजारी नवराबायकोचं वाजलं की चाचा ओट्यावरून शांतपणे म्हणणार, "पातळ पडलं." कुणाची ठरलेली सोयरीक मोडली तर, "वेळेवर बदललं नाही." आमचे मुख्याध्यापक भर सभेत ओरडायला लागले तेव्हा मी घरी येऊन ती हकिगत सांगितली, तर चाचांनी फक्त मान हलवली आणि म्हणाले, "कोरडे चालले आहेत बिचारे."

चाचा डिझेल इंजिनचे मिस्त्री. विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या आणि इंजिनं कमी झाली, पण चाचांचा थाट कमी झाला नाही. दुकानात तेल घ्यायला गेले की डब्यावरचं काही वाचायचं नाही. झाकण उघडायला लावायचं, एक थेंब अंगठा आणि पहिल्या बोटात घ्यायचा, आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे डोळे मिटून चोळत राहायचं. एका दुकानदाराने सील फोडायला नकार दिला, तर चाचांनी त्याला विचारलं की टरबूज तू चाकी कापून बघितल्याशिवाय घेतोस का. दुकानदार बराच वेळ विचार करत राहिला आणि मग त्याने सील फोडलं. तालुक्यातल्या प्रत्येक इंजिनाचं जुनं तेल चाचांच्या खिडकीत छोट्या बाटल्यांतून ठेवलेलं असे, रंगीत दोरा बांधून. चाची त्या खिडकीला रक्ततपासणी म्हणायची. त्यांचे धुळ्याचे जावई एकदा काकवी समजून त्यातली एक बाटली पोळीवर ओतून बसले होते. त्या दिवसापासून जावयांचा जुना खोकला गेला, असं चाचा सांगतात. जावई तसं सांगत नाहीत.

माझी शाळा तापीच्या पलीकडे. बंधाऱ्यामुळे पाणी भरलेलं असतं आणि पुलावरून जायचं तर मोठा वळसा पडतो, म्हणून आम्ही शिक्षक अक्काच्या नावेने जातो. अक्का चाळिशीची. नवऱ्याची पाठ आखडली तेव्हापासून नाव तीच चालवते. नावेवर तिच्या शेतातलंच जुनं पंपाचं इंजिन बसवलेलं आहे. मागे ते धूर ओकायला लागलं म्हणून मी चाचांना घेऊन गेलो. अक्काने मोठ्या अभिमानाने नव्या तेलाचा डबा पुढे केला.

"डब्बावर डब्ल्यू लिखेल शे," ती म्हणाली. "डब्ल्यू म्हणजे वॉटर. पाणीमा चालाले हाईच तेल पाहिजे."

मी इंग्रजीचा मास्तर, मला राहवेना. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा, थंडीतसुद्धा तेल पातळ राहतं असा त्याचा अर्थ, हे मी समजावून सांगितलं. चाचांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग उन्हात तापलेल्या काठाकडे, आणि "हिवाळा? तापीवर?" एवढंच म्हणून ते खाली दगडावर बसून हसत राहिले. हसणं संपल्यावर त्यांनी सांगितलं की तेल चांगलं आहे, पण या इंजिनाचं नाही. याचे भाग झिजून सैल झालेत, थंड असताना पातळ तेल फटीतून वर चढतं आणि जळतं. याला साधं चाळीस नंबर द्यावं. तसं दिलं आणि धूर गेला. तेव्हापासून चाचांचा शब्द अक्काला शेवटचा.

गेल्या वर्षी चाचांना साखर निघाली. हातातून कप निसटायला लागले. कपच हल्ली गुळगुळीत करतात, असं ते म्हणत. यंदा होळीच्या सुमारास अक्का आनंदाने सांगत आली की इंजिनातलं तेल कमी व्हायच्या ऐवजी चढतंय.

"तेल वाढी ऱ्हायनं. तुमना हातनी बरकत शे, चाचा."

एरवी तेल चढतंय एवढं ऐकूनच चाचा ताडकन उठले असते. त्या दिवशी मात्र बरकतीचं कौतुक त्यांना गोड लागलं असावं. त्यांनी नावेवर जाऊन तेल मोजायची पट्टी काढली, थेंब बोटांत घेतला, डोळे मिटले आणि ठीक आहे म्हणाले.

तिसऱ्या दिवशी भर पाण्यात इंजिन खडखडायला लागलं. अक्काने ते लगेच बंद केलं म्हणून बेअरिंग थोडक्यात वाचलं. नावेत आम्ही चार शिक्षक आणि दूधवाल्या बायका. वल्ही मारत कसेबसे काठाला लागलो. चाचा आले, त्यांनी पट्टी नाकाशी धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. डिझेल फवारणारं नोझल गळत होतं. डिझेल तेलात उतरत होतं, म्हणून तेल वाढत होतं आणि पाण्यासारखं पातळ झालं होतं. हे पूर्वी त्यांच्या बोटांनी झोपेतही ओळखलं असतं.

"मास्तर," ते स्वतःच्या दोन बोटांकडे बघत म्हणाले, "मी विचारलं त्यांना. काही बोललीच नाहीत."

नोझल त्यांनी बदलून दिलं आणि मग पाने-पकडी गोणीत भरून माळ्यावर टाकले. खिडकीतल्या बाटल्याही काढल्या. ती रिकामी खिडकी मला बघवेना. शाळेत जाताना मी मान वळवून जायचो.

आठवडाभराने अक्का दोन डबे घेऊन ओट्यावर आली. नवं तेल भरायचं होतं. चाचांनी तिला दुकानदाराला विचारायला सांगितलं आणि तोंड फिरवलं. ती हलली नाही. दोन्ही डबे उघडून तिने दोन हातांच्या चिमटीत दोन थेंब धरले.

"तुमना बोटं झोपनात, मना जागा शेतस," ती म्हणाली. "तुम्ही इचारा, मी सांगस."

चाचांनी मान वळवून तिच्या चिमटीकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, पहिलं कसं शे. ज्वारीची पेज, अक्का म्हणाली. आणि दुसरं? तिने डोळे मिटले, चोळलं, बोटं अलगद दूर केली आणि म्हणाली, गुळाचा पाक, एकतारी. चाचांनी तिला सावकाश चोळायला सांगितलं, खरखर लागते का, बोटं किती सरकतात ते विचारलं, आणि शेवटी पाकाच्या डब्याकडे बोट दाखवलं. आता आमच्या गावातला दुकानदार चाळीस नंबरला एकतारी म्हणतो, आणि तीन-चार इंजिनवाले पुन्हा ओट्यावर येऊ लागलेत. बाटल्या खिडकीत परत आल्या आहेत. जावई धुळ्याहून स्वतःची काकवी घेऊन येतात.

शनिवारी शाळा सकाळची असते. परतताना चाचा काठावरच्या त्याच दगडावर बसलेले दिसतात. अक्का पट्टी काढते, थेंब चिमटीत घेते आणि हुबेहूब त्यांच्यासारखे डोळे मिटते. "बोल अक्का, कसं शे?" चाचा विचारतात. ती सांगेपर्यंत मांडीवर त्यांची स्वतःची दोन बोटं एकमेकांवर हळूहळू फिरत असतात, मध्ये काही नसताना.