पहिला फर्मा

मला सगळे चिडकी म्हणतात. म्हणोत बापडे. पण त्या कादंबरीचं नाव काढलं की आजही माझं डोकं सणकतं.

आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात मी शिलाईवर आणि मावशी घड्या घालायला. छापलेला मोठा कागद दुमडून त्याची सोळा पानं करायची, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. मावशीने तीस वर्षं हेच केलं. शेजारीच पुस्तकं चिकटवायचा, जनावरांच्या हाडाकातड्यांचा सरस उकळत असायचा. तो वास केसांत, कपड्यांत, डब्यातल्या भाजीतसुद्धा. तिला सगळे मावशी म्हणायचे ते तिच्या भाच्यामुळे. बहीण गेली, मेव्हण्याने हात वर केले आणि चार महिन्यांचं पोर हिच्या पदरात पडलं. मग हिने लग्नाचा विषयच बंद केला आणि त्याला शिकवून मोठं केलं.

तो लेखक झाला. त्याची पहिलीच कादंबरी आमच्याकडे बांधायला आली, तेव्हा मावशीचे पाय जमिनीवर ठरेनात. "पहिलं पान तुझं, असं म्हणालाय मला," हे ती चहाच्या वेळी रोज सांगायची. पण पुस्तकाचं पहिलं पान आमच्याकडे शेवटी येतं. नाव, अर्पणपत्रिका, मनोगत हे सगळं पहिल्या फर्म्यात असतं आणि तो छापतात सगळ्यात शेवटी. तोवर दुसऱ्यापासून कामाला लागायचं.

फर्मे येतील तशी आम्ही कादंबरी वाचत गेलो. गोष्ट अशी: राजघराण्याची कत्तल होते, तान्हा वारस तेवढा वाचतो आणि सरस उकळणाऱ्या एका म्हातारीच्या झोपडीत लपून वाढतो. आतड्यांच्या माळा काय, डोळ्यांत वळवळणाऱ्या अळ्या काय, विचारू नका. तेही मी गिळलं असतं. पण ती म्हातारी! नाक पुसलेल्या हाताने ती त्याला भरवते, तिच्या अंगाला मेलेल्या जनावराचा वास मारतो, डाव्या हाताची करंगळी वाकडी. "खा रे राजा, तोंड फिरवू नकोस," म्हणते. मावशीची करंगळी कटिंग मशिनमध्ये सापडून वाकडी झालेली आणि ते वाक्य तर भाच्याला भरवताना तिच्या तोंडून अख्ख्या कारखान्याने ऐकलेलं. नवव्या फर्म्यात वारस तिला उकळत्या हंड्यात ढकलतो, कारण ज्या हाताने भरवलं त्याच हाताचं रक्त लागल्याशिवाय महालाचं दार उघडत नाही. प्रजा जयजयकार करते.

मला शिसारी आली. म्हातारीची नव्हे, ते लिहिणाऱ्या मेल्याची.

"मावशी, टाक तो कागद. दुसऱ्या कुणाला तरी घालू दे घड्या."

"गोष्ट आहे गं ती," मावशी म्हणाली. "गोष्टीत असं लिहावंच लागतं. पहिला फर्मा तर येऊ दे."

आठ दिवसांनी पहिला फर्मा आला. मावशीने कागद उलटसुलट करून बरोबर पान शोधलं. मधोमध एकच ओळ होती: 'ज्याला आपलं असं कुणीच नव्हतं, त्या माझ्या बालपणाला.'

तिने ती दोनदा वाचली. मला वाटलं रडेल, फाडेल, निदान शिवी तरी घालेल. शेवटी मीच घातली, चांगली सणसणीत. मावशीचं लक्षच नव्हतं. तिने कागद खाली ठेवला, स्वतःचा हात नाकाशी नेऊन हुंगला आणि मला विचारलं, "खरंच इतका वास येतो का गं?"