डोळ्यावर बांधलेले मूग

चष्म्याचे किस्से सांगायचे नाहीत असं मी दर वेळी ठरवते. पण कुणी पाहुणा माझा चष्मा हातात घेतो, "बाप रे, काच आहे की सोड्याच्या बाटलीचं बूड!" म्हणतो, आणि मी एक किस्सा सांगून बसते. त्यावरून दुसरा आठवतो, दुसऱ्यावरून तिसरा. चहा निवतो, पाहुण्याची एस.टी. निघून जाते, किस्से मात्र संपत नाहीत! शेवटी सूनबाई म्हणाली, "आई, लिहूनच काढा. लोकांना वेळेवर घरी तरी जाता येईल."

म्हणून लिहिते आहे.

*

आमचं माहेर बुलढाणा जिल्ह्यातल्या उंद्रीचं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि शाळेत आम्ही त्याचा नवा नकाशा काढायला शिकत होतो. म्हणजे बाकीच्या शिकत होत्या. मला फळ्यावरचा नकाशा दिसतच नव्हता! शेजारच्या मुलीचं बघून मी काढायची. तिनं एकदा बुलढाणा समुद्राकाठी नेऊन ठेवला, म्हणून मीही ठेवला. गुरुजींनी माझ्या वडिलांना, आबांना, बोलावलं. आबा मला खामगावच्या डॉक्टरकडे घेऊन गेले आणि येताना माझ्या नाकावर चष्मा होता.

मला जग नवं झालं. आबांना मात्र तो चष्मा सहन होईना. गावात चष्म्याची पोरगी कुणाच्या घरात नव्हती.

"पुस्तकं वाचू वाचू डोळे नासवले पोरीनं," ते आईला म्हणाले. "दिवाळीनंतर मॅट्रिकचे फॉर्म निघतात. तवापर्यंत चष्मा उतरला तर बस म्हणा परीक्षेले. नाही उतरला, तर पुस्तकं बंद!"

आबा एकदा बोलले की बोलले. मी रडले. आणि रडताना चष्मा काढावा लागतो, हे मला त्या दिवशी कळलं.

*

गावात वानखडे मास्तर म्हणून निवृत्त ड्रिलमास्तर होते. त्यांचा पुतण्या मुंबईला असायचा. तो सुटीवर आला तेव्हा त्यानं एक बातमी आणली आणि मास्तरांनी ती आपल्या ओट्यावर आम्हाला समजावून दिली.

"डोळ्याचं बुबुळ पुढून फुगलं, की लांबचं धूसर दिसते. अमेरिकेत काय करतात? डोळ्यात टणक काच घालून माणसाले झोपवतात! रातभर ती काच बुबुळाले चापट करते. सकाळी काच काढा, चष्म्याचं काम नाही. ना सुई, ना चाकू!"

ओट्यावर आम्ही तीन पेशंट. मी, भाजीपाला पिकवणारी शेवंतामावशी आणि एस.टी.त ड्रायव्हर व्हायचं म्हणून डोळे सुधारायला निघालेला वसंता.

"आन् मास्तर, ते काच आनाची कुठून?" शेवंतामावशीनं विचारलं.

"काच महत्त्वाची नाही, बाई. दाब महत्त्वाचा! आन् दाब द्याले आपल्या गावात काय कमी हाय?"

ट्रीटमेंट ठरली. झोपताना डोळे मिटून त्यावर ओल्या काळ्या मातीची पट्टी बांधायची. सकाळी सोडायची. दिवसभर चष्मा घालायचा नाही, नाहीतर बुबुळाला आलेला आकार मोडतो.

मी मन लावून ऐकलं. वर्गात कधी इतकं ऐकलं नव्हतं.

*

काळी माती ओली असते तेव्हा लोण्यासारखी असते. सुकली की काय होते, हे शेतकऱ्याच्या मुलीला ठाऊक असायला हवं होतं. सकाळी उठले तर पट्टीचं खापर झालेलं! पापण्यांचे केस त्यात रुतून बसलेले. डोळा उघडेना. भिंत चाचपत मी चुलीपाशी गेले.

आईनं कोमट पाण्यानं एकेक ढेकूळ विरघळवलं. काम चालू, तोंडही चालू.

"वावरात ढेकळं कमी पडले होते काय, म्हणून डोळ्यात नांगरट करून राह्यली?"

एक डोळा उघडल्यावर मी उत्साहानं दाराबाहेर पाहिलं. "आई, आज जरा स्वच्छ दिसते!"

"दिसंल नाही तं काय? धुतला ना मी आत्ता!"

*

मास्तरांनी माती रद्द केली. आता भिजवलेल्या मुगाच्या पुरचुंड्या. जड, थंड आणि सुकून दगड होत नाहीत. शेवंतामावशी हिशोबी बाई. रोज नवे मूग कोण भिजवणार? तिनं तीच पुरचुंडी रोज पाण्यात बुचकळून बांधली.

एका सकाळी ती मास्तरांच्या ओट्यावर आली ती घाबरूनच. "मास्तर, डोळ्यात काही वळवळते हो! रातभर गुदगुल्या होऊन राह्यल्या!"

मास्तरांनी पुरचुंडी सोडली. मुगाला हे लांब लांब मोड!

दुपारी मावशीनं त्याची उसळ केली आणि वाटीभर आमच्याकडेही पाठवली. मी खाल्ली. मागाहून कळलं ती कशाची होती!

"नजर काही सुधरली नाही," मावशी म्हणाली, "पन मुगाले मोड लई बेस आले."

*

वसंताचा भरवसा मात्र दांडगा. चिखलीला काम निघालं तेव्हा तो बिनचष्म्याचा फाट्यावर उभा राहिला. लांबून लाल-लाल काहीतरी येताना दिसलं. यानं हात दाखवला. गाडी थांबली. हा चढला. बसायला लागला तर खाली मऊ मऊ. तो मागच्या हंगामातल्या उरल्या कापसाचा ट्रक होता आणि चालला होता खामगावला, जिनिंगच्या कारखान्यात!

संध्याकाळी तो अंगभर कापूस घेऊन परतला. मी म्हटलं, "वसंता, तुले साधी एस.टी. नाही दिसली?"

"काऊन नाही दिसली? लाल होती ना!"

"ट्रकपन लालच होता बे!" मास्तर ओरडले.

"मग रंग तं बराबर ओळखला मी," वसंता म्हणाला. "काल तेवढंबी दिसत नव्हतं!"

*

मी वसंताला हसले. माझी पाळी पोळ्याच्या दिवशी यायची होती.

पोळ्याला आमच्या दारात बैलजोडी आली की ओवाळायची आणि पुरणपोळीचा घास भरवायचा, हे काम माझ्याकडे. मी तबक घेऊन उभी. झुली, बाशिंगं, शिंगांचे रंग, सगळं मला एकच रंगीत ढग दिसत होतं. त्या ढगातून दोन पांढरे बैल आले आणि आमच्या दारावरून सरळ पुढे जायला लागले. आपलेच बैल दार विसरले म्हणून मी धावत जाऊन त्यांना अडवलं, पाय धुतले, ओवाळलं, अख्ख्या पुरणपोळ्या भरवल्या.

ती जोडी शेजारच्या किसनकाकांची! शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या भांडणावरून आबा आणि ते दोन वर्षं बोलत नव्हते.

किसनकाका पुढे आले. "भाऊ," ते आबांना म्हणाले, "तुमच्या पोरीनं मोठेपना केला. आता मले धुऱ्याचं काही बोलाचंच नाही." आणि आत येऊन चहा पिऊन गेले. भांडण मिटलं! सगळं गाव माझं कौतुक करत होतं.

फक्त आबांना खरं कळलं होतं. आमचे बैल अजून उपाशी उभे होते.

"घरचे बैल ओळखू येत नाहीत," ते हळूच म्हणाले, "आन् मॅट्रिकचा पेपर ओळखू येईन?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा खरीखुरी घाबरले.

*

मास्तर स्वतः जाड चष्मा लावायचे. हे आमच्या ध्यानात यायला एवढा काळ लागला, यावरूनच आमची नजर समजावी! मी विचारलं, "मास्तर, तुमचा काऊन नाही उतरला?"

"माझा उतरला, तर तुमचे डोळे तपासंल कोण?"

यावर आम्हा तिघांचंही समाधान झालं.

*

दिवाळी झाली. फॉर्म निघाले. सकाळी आबांनी माझा चष्मा ताब्यात घेतला, ओट्यावरच्या खुंटीला टांगला आणि मला ओट्यावर उभं केलं. आई आत दळण निवडत होती.

"मारुतीच्या देवळाकडं पाह्य. कळसाजवळचा झेंडा कोनीकडं फडकून राह्यला, सांग. बराबर सांगितलं तर आजच फॉर्म भरू. चुकलं तर पुस्तकं माळ्यावर."

मी पाहिलं. देऊळ म्हणजे एक पांढरा डाग. डोळे ताणले, बारीक केले, मनात मारुतीला हाक मारली. काही नाही! पण मी नुकतीच न्हाले होते आणि ओल्या केसांना डाव्या अंगानं गार वारा लागत होता. वारा डावीकडून, म्हणजे झेंडा उजवीकडं, उगवतीला.

"उगवतीकडं, आबा!"

आबांनी कपाळावर हात धरून देवळाकडं निरखून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. 

"बराबर!" ते ओरडले. "एकदम बराबर! उगवतीकडंच हाय! बस पोरी मॅट्रिकले!"

सूप हातात घेऊन आई बाहेर आली. तिनं देवळाकडं पाहिलं, मग आमच्या दोघांकडं पाहिलं.

"कोन्ता झेंडा?" ती म्हणाली. "तो तं पुजाऱ्यानं दसऱ्याच्या आधीच उतरवला. फाटला होता."

 आबांनी घसा खाकरला. खुंटीवरचा चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि माझ्या हातात दिला.

"घाल," ते हळूच म्हणाले, "आन् मले सांग, काठी तरी हाय का?"