गेरूचे गोल

माझं अक्षर चांगलं होतं आणि ते मला माहीत होतं. पुढे जे झालं त्याचं मूळ बरंचसं यातच आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

पुनावळ्याच्या अलीकडे आमची चाळीसेक घरांची वाडी होती. मारुतीच्या देवळात शाळा भरायची आणि तिथली मी एकुलती एक मास्तरीण. वय बावीस. शिकल्यामुळे माझं लग्न जमत नव्हतं, की लग्न जमत नव्हतं म्हणून मला शिकवलं, यावर वाडीत दोन पक्ष होते. घरात आम्ही चौघं: आई, वडील, मी आणि वडिलांची थोरली बहीण. आत्या कोवळ्या वयात विधवा होऊन माहेरी परत आलेली. माझं न्हाणं-वेणी, दुखणंखुपणं सगळं तिनंच केलं. आईपेक्षा मी तिचीच जास्त.

देशातली दुसरी निवडणूक जवळ आली होती. मतदारयादीचं काम गावोगावच्या मास्तरांच्या गळ्यात पडलं. तलाठ्यानं मला वही दिली आणि बजावलं, "बाई, मागच्या खेपेला बायकांनी आपली नावं सांगितलीच नाहीत. अमक्याची बायको, तमक्याची आई, असलं काहीतरी लिहून आलं. ती नावं वर कापली गेली. या वेळी प्रत्येकीचं स्वतःचं नाव पाहिजे. एकही घर सुटता कामा नये." मला स्वतःला पहिल्यांदाच मत मिळणार होतं. आमच्या वाडीपुरता देश माझ्या वहीतून सुरू होणार, अशा थाटात मी घरी आले.

यादीआधी दारांवर नंबर घालायचे होते. ते काम कोतवालाचं. पण त्याचे आकडे मला बघवेनात. दोनाला शेपूट नाही, पाच उलटा. तिसऱ्या घरानंतर मी त्याच्या हातातून गेरूचा डबा आणि कुंचला काढून घेतला. एकेक आकडा नीट काढला, आणि पाटीवर मार्क देताना काढते तसा प्रत्येक आकड्याभोवती एक गोल काढला. त्याचीही तीन घरं पुसून पुन्हा काढली. गोल काढायला कुणी सांगितलं नव्हतं. छान दिसतो म्हणून काढला.

आमचं घर अकरावं. आत्या उंबऱ्यात उभी राहून बघत होती.

"ह्यो गोल कुनी काढाय सांगितला?" तिनं विचारलं.

"कुणी नाही. बरा दिसतो."

तिनं गोलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लहानपणापासून ज्या डोळ्यांनी मला पाहिलं ते हे डोळे नव्हते. जणू तिच्या दारात कुणी परकं माणूस उभं होतं. ती आत गेली आणि त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आले तर प्रत्येक दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधलेला. आमच्याही. पाडवा नाही, कुणाच्या घरी गोवर-कांजिण्या नाहीत. शेजारणीला विचारलं तर म्हणाली, "आसाच बांदलाय." पुढच्या घरी विचारलं, तिथंही तेच, अगदी त्याच शब्दांत. शाळेत पोरं आली, पण गोंगाट नव्हता. दुपारी नावं लिहायला फिरले. तरण्या सुना माझ्या कानाशी लागून आपली नावं सांगत होत्या, आणि आत म्हातारी माणसं सगळीकडे एकच काम करत होती. टोपल्या उचलायची, पोती सरकवायची, कणगीमागे वाकून बघायची.

"काय हरवलं का हो?"

"न्हाई."

घरी आले तर आत्याही तेच करत होती. तिलाही विचारलं. तिचंही उत्तर तेच. मला भीती वाटली की आधी राग येतो. मी वही आपटली आणि तिच्याशी बोललेच नाही.

संध्याकाळी वडील कामावरून आले. ते देहूरोडला लष्कराच्या डेपोत होते. मी तणतणत सगळं सांगितलं, तर ते हसले. "म्हाताऱ्यास्नी कायतरी आठवलं आसंल. तू आपलं काम कर. सरकारी काम हाय."

सरकार या शब्दावर वडिलांचा जीव होता. सरकार म्हणजे त्यांच्या लेखी पहिल्या तारखेचा पगार, डेपोचा बिल्ला, आजारी पडलं तर औषध. मागच्या निवडणुकीला ते देवदर्शनाला जावं तसे आंघोळ करून, कोरी टोपी घालून गेले होते. माझ्या लेखी सरकार म्हणजे आपण नेमलेली माणसं, चुकली तर उद्या बदलू. आणि आत्याच्या लेखी? ते मी तिला कधी विचारलंच नव्हतं. आज माझा नातू कुणीही फोनवर विचारलं तरी नाव, पत्ता, जन्मतारीख धडाधड सांगून मोकळा होतो. मी त्याच्यावर ओरडते. तो हसतो, आणि मी तेव्हा अशीच हसत असणार म्हणून मला त्याचा जास्तच राग येतो.

तिसऱ्या दिवशी शाळेत जाताना बोळात एक उंदीर मरून पडलेला दिसला. मोठा, सगळा अखंड, मांजराचा दात लागलेला नाही. मी चपलेच्या टोकानं तो बाजूला सारला. समोरच्या ओट्यावर एक आजोबा बसायचे, वाडीतले सगळ्यात वयस्क. ते उंदराकडे बघत सावकाश उठून उभे राहिले. एरवी त्यांना उठायला दोन माणसं लागत.

अकराच्या सुमाराला तेच आजोबा देवळाच्या दारात येऊन उभे राहिले. बोलले नाहीत, हातही केला नाही. पोरांनी पाट्या उचलल्या आणि एकेक करून उठली. मी ओरडले, "कुठं निघालात? कुणी सोडलंय तुम्हाला?"

पहिलीतली एक पोर थांबली. "आजी म्हनली, आजोबा आलं की उटायचं," एवढं सांगून तीही गेली.

रिकाम्या शाळेत बसून मी थोडा वेळ हजेरीचे रकाने भरत राहिले. मग कुलूप लावून बोळात आले. भर दुपार, लख्ख ऊन, आणि वाडीत माणूस नव्हतं. दारांना बाभळीच्या काट्या लावलेल्या. एका उघड्या सोप्यात जात्याभोवती अर्धवट दळलेलं पीठ तसंच पडलेलं. चुली पाणी ओतून विझवलेल्या, त्यांची ओली राख वास मारत होती. कुत्रीसुद्धा गेली होती. दोन्ही बाजूंच्या दारांवर तेवढे माझे गोल, एकापेक्षा एक सुबक. कुणीतरी माझ्या पाठोपाठ मोजत येतंय असं वाटायला लागलं. मी मागे बघितलं नाही. चालता चालता धावायला लागले, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सगळी वाडी वरच्या माळावर होती. घोंगड्या, गवताच्या पेंढ्या, तुराट्या घेऊन झोपड्या उभ्या करणं चाललं होतं. आरडाओरडा नाही, भांडण नाही, जागेवरून तंटा नाही. आमच्या वाडीत बांधावरून डोकी फुटायची, आणि इथे ज्याची त्याची जागा आधीच ठरलेली. मी जवळ गेले तेव्हा कळलं. म्हातारी माणसं गवत उपटत होती, आणि गवताखाली जुन्या चुलींचे दगड निघत होते. तीन तीन दगड, वरून काळे. पन्नास-साठ वर्षं त्या माळावर गुरं चरली, मी स्वतः तिथे पोरं खेळायला नेली, आणि प्रत्येक घराची चूल तिथे गवतात तशीच मांडलेली होती.

आत्या आमच्या दगडांपाशी बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि रागानंच म्हणाले, "हे काय चालवलंय? नुसते नंबर आहेत ते. तुला मत मिळावं म्हणून आहेत."

"ठावं हाय मला," आत्या म्हणाली. "पिलेगात बी त्ये आमच्या भल्यासाठीच आलं व्हतं."

पिलेग. तीन दिवसांत तो शब्द पहिल्यांदा कुणाच्या तरी तोंडून बाहेर पडला.

मग ती सांगत गेली, दगडांकडे बघत. तपासणीची माणसं घराघरात शिरायची, बूट घालून चुलीपर्यंत. आजारी माणूस सापडलं की त्याला रेल्वेच्या रुळांपलीकडच्या छावणीत न्यायची. घर तपासून झालं की दारावर लाल गोल काढायची. त्यांच्या घरात तिची आई तापानं फणफणली होती. तिला कणगीमागे निजवून वर घोंगडं टाकलेलं. आत्या तेव्हा आठ-नऊ वर्षांची. कुणी विचारलं तर घरात माणसं चार, असं तिला पढवलेलं.

"त्यातला योक माझ्याम्होरं खाली बसला. माझ्या उंचीला. आपल्यातलाच व्हता, आपल्यावानी बोलला. ग्वाड हसला. म्हनला, बाय, घरात मानसं किती? मला मोजाय येत व्हतं गं. वाडीत कुना पोरीला येत नव्हतं, मला येत व्हतं. मी बोटं मोडली आन् पाच म्हनलं."

तिनं मला बोटं दाखवली. मला तिच्याकडे बघवेना.

"त्येंनी चारच बगितली व्हती. मंग हुडकली पाचवी. परत आली न्हाई ती."

"आत्या, तू लहान होतीस."

"तू बी लहानच हायेस," ती म्हणाली. "नाव माझं तुला ठावं हाय. लिहायचं तर लिही. पर मला इचारू नगंस."

मागे पावलं वाजली. वडील उभे होते. पहिली पाळी संपवून आले होते, हातात जेवणाचा डबा, पायजम्याला काटे लागलेले. त्यांनी किती ऐकलं ते मला विचारावं लागलं नाही. त्या वेळी ते पाळण्यात होते. आई तापानं गेली, एवढंच त्यांना आयुष्यभर माहीत होतं.

त्यांच्याबरोबर पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागलेली दोन पोरं आली होती. ती मोठ्यानं हसत आजोबांना म्हणाली, "आवं, आता सरकार आपलंच हाय. आपनच निवडून देतो त्येस्नी."

आजोबा म्हणाले, "तवाबी सरकारच व्हतं. आपलं का परक्याचं, दाराशी आल्यावर वळकायचं कसं, त्ये सांगा." पोरं तुराट्या उचलायला लागली.

वडील आत्याशेजारी जमिनीवर बसले. बराच वेळ डब्याची कडी उघडत आणि लावत राहिले. मग विचारलं, "आक्का, जाताना तिनं मला घेतलं व्हतं का गं?"

"न्हाई."

"बगितलं तरी?"

"तू आतल्या खोलीत पाळन्यात निजला व्हतास. तिनं तिकडं मान बी वळवली न्हाई. मी पाच म्हनले त्यात तू नव्हतास, पाळन्यातलं प्वार कोन मोजतंय. तिला धरलं आन् त्येंचं पाच भरलं, मोजदाद तितंच थांबली. तिकडं बगितलं आसतं तर तुलाबी छावणीत नेलं आसतं."

वडिलांनी डबा खाली ठेवला. त्यांना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही पाहिलं नाही, कारण त्यांनी तोंड फिरवलं. आत्यानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तसाच राहू दिला, आणि मला म्हणाली, "आता इचार."

"नको, आत्या."

"इचार म्हनते ना."

मी विचारलं. "घरात माणसं किती?" तिनं बोटं न मोडता सांगितलं, "चार." मी लिहिलं. इतकं वाईट अक्षर मी त्याआधी कधी काढलं नव्हतं.

वाडीत एकही माणूस आजारी पडलं नाही. दहा-बारा दिवसांनी लोक एकेक करून खाली आले आणि त्याबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही. गोल मी स्वतः ओल्या फडक्यानं पुसले, आकडे तेवढे ठेवले.

मतदान पुनावळ्याला होतं. सकाळी आत्या धुतलेलं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी तयार. केंद्रावरच्या कारकुनानं तिचं नाव मोठ्यानं वाचलं. मी तिचा हात धरायला गेले, पण ती पुढे होऊन म्हणाली, "व्हय, मीच ती," आणि बोटाला शाई लावून घेतली. येताना रस्ताभर ती आईशी गप्पा मारत होती. इतकी बोलकी मी तिला पाहिलेली नव्हती.

वडील आले नव्हते. त्यांना डेपोची सुट्टी होती. निघताना आम्ही हाका मारल्या तर म्हणाले, व्हा पुढं, येतो. आम्ही परतलो तेव्हा ते ओट्यावर बसले होते, अंगात घरचीच बंडी. दुपार कलली, मतदानाची वेळ सरत आली, तरी उठेनात. मी चिडले. म्हटलं, "मला सरकारी काम शिकवत होतात ना? एवढी यादी केली, तुमचं नाव आहे तिच्यात. आता काय झालं?"

ते आपल्या बोटांकडे बघत होते. मग म्हणाले, "आयनं मला मोजू दिलं न्हाई गं. येवढं तरी तिचं ऐकू दे."