चौघांचं वाटण, अकरा जणांचा रस्सा

"अन्न मोजून वाढू नये."

आमच्या घरातला हा नियम. त्यावर प्रश्न विचारायचा नाही, हेसुद्धा नियमातच धरलेलं. थोरली काकू म्हणायची, "हातानं घालायचं, डोळ्यानं थांबायचं. मोजलं की बरकत गेली!" पंगतीत बसलेल्या पाहुण्यासाठी नियम झकास आहे. पण बी.एस्सी. झाल्यावर मी त्याच घरात जो धंदा काढला, त्याचा पायाच मुळी मोजून देणं हा होता!

धंदा सुरळीत चालला की माणसाकडे पैसा साठतो आणि रडतखडत चालला की किस्से साठतात. पहिली दोन वर्षं माझ्याकडे किश्शांचा साठा इतका वाढला की, तो विकता आला असता तर मी कधीच श्रीमंत झाले असते.

धंदा साधा होता. तांबड्या रश्शाचं किट. मटण, चिरलेला कांदा, खोबऱ्याचं वाटण, कांदा-लसणीची चटणी, सगळं चौघांच्या बेतानं एका पेटीत भरायचं आणि घरपोच द्यायचं. सोबत कृतीची चिठ्ठी. गिऱ्हाइकानं फक्त गॅस पेटवायचा. वाटण काकूचं, कारण तिच्या हाताची चव दुसऱ्या कुणाला नाही. पेट्या पोचवायला माझी कॉलेजची मैत्रीण शैला, कारण तिच्याकडे स्कूटी. आणि शिवाजी पेठेतली रस्त्याकडची खोली आप्पांची. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते, काकूचे मालक, आणि स्वतःच्या मते आमच्या सगळ्यांचेच मालक.

तेव्हा गल्लोगल्ली मोबाईलची दुकानं निघत होती. आप्पांचा डोळा त्या भाड्यावर. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "परवानगी दिली हाय. पण पुढल्या दिवाळीपत्तोर फायदा दिसला न्हाय, तर खोली मोबाईलवाल्याला, आणि तू गप बी.एड.ला!"

मला बी.एड. करायचं नव्हतं. घरातलीच माणसं आवरत नव्हती, वर्गातली पोरं कुठून आवरणार!

* * *

पहिली पेटी गेली एका रिटायर मास्तरांकडे. त्यांनी ती उंबऱ्यातच उघडली आणि मटणाची पिशवी उजेडाला धरली.

"ही मान हाय," मास्तर म्हणाले. "मला मांडी लागती."

दुसऱ्या दिवशी मांडी पाठवली. "आणलं कुणाकडनं?" शैलानं दुकान सांगितलं. मास्तरांचा चेहरा पडला. "त्याच्या आज्यापासनं आमची बोलचाल न्हाय!" पेटी परत.

मग कळलं, हा एकट्या मास्तरांचा प्रश्न नाही. कोल्हापूरचा माणूस मुलीचं स्थळ दुसऱ्याला बघायला सांगेल, पण मटण स्वतः निवडणार! शेवटी आम्ही मटणच काढून टाकलं. मटणाच्या रश्शाचं किट, मटण सोडून!

आप्पा म्हणाले, "ह्याला किट म्हणत न्हाईत. ह्याला मसाला म्हणत्यात."

* * *

त्यानंतर शैलाची रोज तक्रार यायला लागली. दिवसभर फिरूनही निम्म्या पेट्या परत. उन्हानं वाटण आंबलेलं. मला वाटलं, पोरगी रंकाळ्यावर भेळ खात बसते. एक दिवस तिच्या मागं बसून स्वतःच गेले.

पहिल्या घरी चहा. "दारात आल्यावर असंच जायचं व्हय?" दुसऱ्या घरी चहा आणि चिवडा. तिसऱ्या घरी चहा झाल्यावर शैलाचं गाव, आडनाव, मामाचं गाव आणि लग्नाचं वय यांची चौकशी. चौथ्या घरी आम्हाला उशीर झालेला. बाई म्हणाली, "वाट बघून मी माझा रस्सा केला बाई. आता आलाईसा तर जेवूनच जावा!"

आम्ही जेवलो. काय करणार? रस्सा आमच्यापेक्षा चांगला होता!

यावर शैलानंच तोड काढली. हेल्मेट! त्या काळी आमच्याकडे हेल्मेट म्हणजे दुकानात टांगून ठेवायची वस्तू. शैला ते डोक्यावर ठेवूनच दारात उभी राहायची. "काकू, हेल्मेट घालून चहा पिता येत न्हाय, आणि काढलं तर केस इस्कटत्यात!" पेट्या वेळेत पोचायला लागल्या. आम्ही जिंकलो!

आठवड्यानं मंगळवार पेठेतल्या एका काकूंनी तिला दारातच थांबवलं, आत गेल्या आणि कोकम सरबत घेऊन आल्या. ग्लासात स्ट्रॉ!

* * *

एक वहिनी दर रविवारी पेटी घ्यायच्या. आमचं सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक. एका रविवारी त्यांची ऑर्डर आली नाही. पुढच्या रविवारीही नाही. मी घरी जाऊन विचारलं, "चवीत काही कमी पडलं का?"

"छे गं! शिकले की आता मी! तुझी चिठ्ठी किती सोपी हाय. गल्लीतल्या सगळ्या बायकांना शिकवलं. बस की, खाऊन जा!"

म्हणजे जितकं चांगलं शिकवावं तितकं गिऱ्हाईक लवकर सुटणार! त्या रात्री मी जेवले नाही. सकाळी उठून मात्र एकच प्रश्न डोक्यात घेतला. कोल्हापुरात स्वयंपाक कधीच शिकणार नाही असं कोण आहे?

उत्तर शिरोलीच्या एमआयडीसीत सापडलं. एका खोलीत चार इंजिनिअर. त्यांचा पहिला फोन, "ताई, चटणी आधी का पाणी आधी?" संक्रांत गेली, होळी आली, तरी दर रविवारी फोन, "ताई, चटणी आधी का पाणी आधी?" मी दर वेळी प्रेमानं सांगते. देव त्यांना असंच ठेवो!

हुपरीच्या बायका त्याहून चांगल्या. घरोघरी चांदीचं काम, पैंजणांच्या ऑर्डरी, हात दिवसभर कामात. त्यांना सगळं येत होतं, फक्त वाटत बसायला सवड नव्हती. हुपरीच्या एसटीत आम्ही पेट्या चढवायचो. मटण त्यांचं त्या बघायच्या, आणि चहात अडकायला आमच्यापैकी कुणी त्यांच्या दारात जातच नव्हतं!

* * *

इतकं जमूनही फायदा दिसेना. गिऱ्हाइकं वाढली, पेट्या वाढल्या, आणि खोबरं तर पोत्यानं संपायला लागलं. गळती कुठं आहे हे मला समजलं जुन्या राजवाड्याजवळ भेटलेल्या एका पैलवान गिऱ्हाइकाकडून. भर रस्त्यात त्यानं मला हात जोडले.

"ताई, मानलं तुम्हाला! पेटीवर चौघांचं लिवलंय, आणि आमी अकरा जणं जेवतोय की! दोन्ही भावांची घरं! आता एकच पेटी मागवतो."

घरी आले. काकू पेट्या भरत होती. मी वजन करून ठेवलेल्या प्रत्येक वाटणावर ती आपली एक मूठ टाकत होती. तोंडानं पुटपुटत होती, "चौघांत पावणा आला तर?"

"काकू! पाहुणा आला तर त्यांनी दोन पेट्या मागवायच्या!"

"पावण्याला काय दोन दिवस आधी कळवून याला सांगायचं व्हय? माणुसकी हाय का न्हाय?"

मी आप्पांकडे गेले. पैलवानाची गोष्ट ऐकून आप्पांची छाती फुगली. "बघ! अकरा जणं! पेठेत नाव झालं!"

"नाव झालं आप्पा. धंदा बुडाला."

"नावापुढं धंदा काय घिऊन बसलीस? आणि हे बघ, दिवाळी तोंडावर आली हाय. मोबाईलवाला कालच येऊन खोली बघून गेला."

म्हणजे मूठ यांची, नाव यांचं, आणि बुडाले तर बुडणार मी!

* * *

आणि दिवाळीच्या आधी त्या बाई आल्या. नोकरी करणाऱ्या मुलींच्या एका वसतिगृहाच्या रेक्टर. त्यांना अंड्याच्या रश्शाचं किट हवं होतं, दर बुधवारी, प्रत्येक मुलीला वेगळी पुडी. मी मनात उडीच मारली. अंड्याला मान-मांडी नसते! एका फेरीत सगळा माल एका दारात! ही ऑर्डर मिळाली तर खोली माझी, नाही मिळाली तर मोबाईलवाल्याची.

आप्पा खुर्चीत बसले होते. त्यांच्या शेजारी तालमीतले त्यांचे दोन दोस्त, माझा पराभव बघायला मुद्दाम बोलावलेले. काकू बरणीपाशी. रेक्टरबाईंनी नमुन्याची पुडी हातात घेतली, तोलून बघितली.

"एवढ्या पुड्या घेणार आम्ही. वर एकेक मूठ घाला की."

माझ्या आधी काकूचा हात बरणीत गेला.

"घाल, घाल!" आप्पा म्हणाले. "पावण्या बाई दारात आल्यात."

"भाजीवाली सुदिक वर कोथमीर घालती," एक दोस्त म्हणाले.

"आपल्यात मोजून देत न्हाईत," दुसरे म्हणाले.

मी पुडीवर हात आडवा धरला.

"नाही."

"रेखे!" आप्पा ओरडले.

"नाही आप्पा. एका माणसाला जेवढं लागतं तेवढं त्यात आहे. मी स्वतः शिजवून, खाऊन बघितलंय. वर काही मिळणार नाही."

रेक्टरबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "आणि माझी एखादी पोरगी अर्धपोटी राहिली तर?"

"तर तिनं मोठी पुडी घ्यावी. त्याचे पैसे जास्त पडतील."

बाहेर त्यांची रिक्षा थांबली होती. बाईंनी पुडी पर्समध्ये ठेवली, पदर सावरला आणि पायरी उतरता उतरता म्हणाल्या, "या बुधवारपासून पाठवा. बरोबर सातला. आणि सगळ्या पुड्या सारख्या पायजेत, न्हायतर माझ्या पोरी एकमेकींच्या झिंज्या उपटतात."

रिक्षा गेली.

दोस्तांपैकी एकानं चप्पल शोधायला सुरुवात केली, ती त्यांच्या पायातच होती. काकूची मूठ अजून तशीच हवेत होती, खोबऱ्यानं भरलेली. तिनं माझ्याकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं, आणि मूठ हळूच बरणीत उघडली.