मावशीच्या पैठणीचं पान

माझी मावशी पैठणला हातमागावर पैठणी विणते. इतकी वर्षं तिच्या साडीवर नाव असायचं ते दुकानाचं. म्हणून संभाजीनगरच्या प्रदर्शनासाठी मी हौसेनं तिची वेबसाइट केली. प्रत्येक साडीचं वेगळं पान, त्यावर फोटो आणि विणणारीचं नाव. साड्यांना लावायच्या कार्डांवर त्या-त्या पानाचा क्यूआर कोडही छापून घेतला. शनिवारी प्रदर्शन, आणि गुरुवारी दुपारी ऑफिसात तिचा फोन.

"अगं, कार्ड स्कॅन केलं तर असं पानच नाय म्हणतंय."

मी साइट उघडली, साडीवर बोट ठेवलं, पान हजर. "मी जेवतेय, मावशी. तुझा फोन बघ आधी," मी फटकन बोलले.

"असंल बाई माझंच काही," म्हणून तिनं ठेवून दिला.

तिचा तो आवाज काही डोक्यातून जाईना. डबा तसाच ठेवून मी माझ्याकडचं कार्ड स्कॅन केलं. पान नाही. कपाळावर हात मारला. मी आपली कायम पहिल्या पानावरून आत शिरत होते. गिऱ्हाईक थेट आतल्या पत्त्यावर येणार. आणि मी केली तसल्या साइटची आतली पानं सर्व्हरवर नसतातच. खरी फाइल एकच, बाकीचं सगळं तिच्यातला कोड फोनवर मांडतो. एका खोलीच्या घरात स्वयंपाकघराचं दार विचारावं तसं झालं. सर्व्हर बिचारा खरं तेच सांगत होता.

कार्डं छापून झालेली, पत्ते बदलायची सोय नाही. मग सर्व्हरलाच सांगितलं, कुठलाही पत्ता येऊ दे, ती एकच फाइल दे. पानं उघडली अन् फोटो गायब. मी शहाणीनं फोटोंचे पत्तेही त्याच नियमात ढकलले होते, फोटो मागितला तरी सर्व्हर तीच फाइल देत होता. वर आणखी एक ओळ घातली: मागितलेली फाइल खरंच असेल तर तीच दे, नसेल तरच ती एकच फाइल. फोटो परत आले.

मावशीला फोन लावला. तिनं स्कॅन केलं आणि स्वतःचं नाव आडनावासकट मोठ्यानं वाचलं.

"बंद करून परत उघडू का? जाणार नाय ना?"

"कितीदाही उघड. चूक माझी होती, मावशी. तुझ्या फोनला उगाच बोलले."

"व्हय, ते तवाच कळलं होतं. शेजारणीच्या फोनवरबी तेच दिसत होतं."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तू जेवत होतीस ना."