काढून राह्यलो

आर्वीकडच्या पोस्टिंगची ऑर्डर आली तवा मी बावीस वर्षांचा सॅपर, म्हणजे फौजेच्या बांधकामाच्या पलटनीतला शिपाई होतो अन् लय खूश होतो. माहं गाव समुद्रपूर, म्हणजे आपलाच वर्धा जिल्हा! पुरानं नदीवरचा पूल नेलता. आमच्या कंपनीले पावसाळ्याआधी लोखंडी गर्डर बसवून रस्ता चालू करायचा होता. क्रेन आमची, मजूर सिव्हिलियन.

सकाळी सहाले फॉलइन, साडेसहाले काम. क्रेनवर पह्यले हातच जातात, हे मले तिथंच समजलं. पह्यल्याच आठवड्यात एकाची दोन बोटं हुकात गेली. दुसऱ्याचा तळवा तारेच्या दोरानं फाडला. मंग हवालदार कदम साहेबानं ऑर्डर काढली. ते साताऱ्याचे. गर्डर खाली सोडायच्या आधी दर वेळी विचारायचं, हात काढला का? मजूर जे बोलन तेच फील्ड टेलिफोनवर सांगायचं. एक शब्द बदलायचा नाई.

टेलिफोन माह्याकडं होता, पुलाच्या खांबावर. कदम साहेब काठावर, क्रेन ड्रायव्हरजवळ. गर्डरच्या मागचा माणूस तिथून दिसत नव्हता.

मागं राहे शिवराम. कारंज्याकडचा, तीस-बत्तीसचा, आदल्या दसऱ्याले नागपूरले दीक्षा घेऊन आलता. गर्डरखालचे लाकडी ठोकळे तोच काढे. तोंड मात्र सारखं चालू.

"अबे पलटन, बंदूक कुठं हाय तुही? फोन घेऊनच लढतं काय?"

"तू ठोकळ्याकडं पाह्य, शिवरामभाऊ."

"पाहून राह्यलो ना बे! दुपारी जेवाले येजो, वांग्याची भाजी हाय."

अकरा वीस झाले होते. शेवटचा ठोकळा अडकला. शिवरामनं उजवा हात आत घातला.

फोन वाजला. कदम साहेब. "हात काढला का?"

मी ओरडलो, "शिवरामभाऊ, हात काढला का?"

"काढून राह्यलो!"

मी फोनमधी म्हटलं, "काढून राह्यलो."

जसंच्या तसं. आमच्याकडं त्याचा अर्थ, काढतो आहे, अजून निघाला नाई. साताऱ्याच्या माणसानं ऐकलं, हात काढून बाजूले राह्यलो.

"ठीक. लोअर."

"स्टॉप! साहेब, स्टॉप!"

गर्डर बसला होता.

शिवराम ओरडला नाई. माह्याकडं पाहून म्हणे, "काऊन सोडला बे?" गर्डर परत उचलाले चार मिनिटं लागली. हात निघाला, पण तो हात राह्यला नव्हता.

शिवरामले ट्रकनं वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं हात मनगटापासून कापला. चौथ्या दिवशी मी भेटाले गेलो.

"तुह्या साहेबाले मराठी येत नाई काय?"

"येते."

"मंग?"

आठव्या दिवशी त्याले धनुर्वात झाला. दहाव्या दिवशी गेला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. कॅप्टन साहेबानं विचारलं, मजूर काय बोलला? सांगतलं. तू काय सांगितलंस? तेच सांगतलं. त्यायनं लिहिलं, मेसेज बरोबर पोचवला. मले शाबासकी भेटली. मी सॅल्यूट केला.

बाहेर कदम साहेब उभे होते. म्हणाले, "पोरा, त्याचा अर्थ तुला ठाऊक होता?"

"हव, साहेब."

ते क्रेनकडं निघून गेले. मी नाई सांगतलं, का अर्थ सांगाले एक सेकंद पुरला असता.

पूल पावसाळ्याआधी चालू झाला. मी फौज सोडून घरी आलो. लोकं लढाईचं विचारतात. मी लढाई पाह्यली नाई. आमच्या कंपनीच्या बोर्डावर मेलेल्यांची नावं हायत, त्यात शिवरामचं नाई. तो फौजेतला नव्हता. म्हणून इथं लिहितो. शिवराम, राहणार कारंजा घाडगे, पुलावर ठोकळे काढाचा.

त्यानं बरोबरच सांगतलं होतं.