उलट्या बाजूचा बेंजो

आमच्याकडे ज्याला बेंजो म्हणतात तो गोल, विलायती नव्हे. आमचा बेंजो म्हणजे लाकडाची चपटी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची आणि उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या पट्टीनं तारा छेडायच्या. गोंदिया जिल्ह्यात भजन असो, भीमगीतं असोत की लग्नाची वरात, बेंजोवाचून पान हलत नाही. मीही तोच वाजवते. फक्त मी उजव्या हातानं बटणं दाबते आणि डाव्या हातानं तारा छेडते.

याला कारण आमचं घर. बाबा राईस मिलमध्ये पोती उचलत आणि संध्याकाळी गाण्याच्या पार्टीत भीमगीतांना साथ करत. घरात एकच खोली, एकच बेंजो. बाबा भिंतीला पाठ लावून बसत, बेंजो समोर पाटावर. बाजूला चूल आणि आईचा पसारा, तेव्हा मला बसायला जागा उरायची ती त्यांच्या समोर. ते वाजवायचे थांबले की मी तिथूनच, पलीकडून हात घालायची. पेटीवरचे आकडे मला उलटे दिसत. बोटं मात्र बसली. शेजारच्या काकांनी एकदा बाबांना सांगितलं, पोरगी उलटी वाजवून राहिली, तिला सरळ करा. बाबा म्हणाले, "सूर येऊन राहिला ना? मंग?" माझं सगळं शिक्षण ते एवढंच.

आता मी अंगणवाडीत नोकरी करते आणि माझी धाकटी जाऊ आणि मी मिळून गाण्याची पार्टी चालवतो. ती गाते, मी वाजवते. लग्नं, जयंत्या, नामकरणं. स्टेजवर मला बहुतेक वेळा मोठ्या स्पीकरच्या मागे बसवतात. गाणारी पुढे, वाजवणारी मागे, हे मी कधी मनावर घेतलं नाही. म्हणजे तसं मला वाटत होतं.

इटियाडोह धरणाच्या कालव्याजवळच्या एका गावात, धान घरी आल्यावर, बेंजोवाल्यांचा मेळावा भरतो. शनिवार-रविवार. अर्जुनीकडचे येतात, देवरीकडचे येतात, सालेकशाकडून जंगलातल्या गावांचे म्हातारे बेंजो गोधडीत गुंडाळून आणतात. जेवायला भात, लाखोळीची डाळ आणि पोपटीच्या शेंगांची भाजी. शनिवारी ज्याला जे येतं ते तो वाजवतो, आणि बाकीचे माना डोलावत त्याच्या चुका मोजतात. रविवारी सकाळी मात्र खरी गोष्ट असते. सगळे बेंजो एका हार्मोनियमच्या सुरावर लावलेले, सगळे वाजवणारे एका रांगेत, आणि सगळे मिळून एकच चाल. तिला सगळे एकजूट म्हणतात. गाणं नाही, शब्द नाहीत, नुसते बेंजो आणि ठेक्याला एक ढोलकी. अंगावर काटा येतो. आजवर त्या रांगेत बाई बसली नव्हती. यंदा मला बसायचं होतं.

शनिवारी कुणी हरकत घेतली नाही. माझी चाल झाली, टाळ्या पडल्या. सायंकाळी रांगेच्या सरावाला बसलो आणि माझ्या डाव्या बाजूच्या माणसाचं कोपर माझ्या कोपराला लागलं. तो उजव्या हातानं छेडणार, मी डाव्या. त्यानं मान वळवून माझ्या हातांकडे पाहिलं आणि सरावच थांबला. मेळाव्याचे अध्यक्ष उठून आले. केस नुकतेच काळे केलेले, खिशाला बिल्ला, मोठ्या भजनी मंडळाचे प्रमुख.

"बाई, हे काय होय? बेंजो सरळ करा."

"माझा हात असाच आहे साहेब. मला डाव्या टोकाला बसवा, कुणाला कोपर लागणार नाही."

"कोपराचा सवाल नाही ना जी. रांग एकसारखी दिसली पाहिजे. व्हिडिओ निघून राहिला. लोक काय म्हणतील, एक बाई बसवली अन् तेही उलटी?"

"सूर चुकला का माझा?"

"सुराचं कोण बोलून राहिलं?" ते म्हणाले. "जिद कायले करता? उद्या सकाळपर्यंत सरळ करा, नाहीतर खाली बसून ऐका."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी मी प्रयत्न केला, हेही सांगते. दिवेलागणीला समाजमंदिराच्या ओट्यावर बसून बेंजो फिरवला आणि सरळ वाजवून पाहिला. चाळिशी ओलांडलेल्या बोटांना कुणीतरी दुसऱ्याचं घर दाखवावं तसं झालं. सा सापडे तर प हरवे. सोबत आलेली जाऊबाई शेजारी शेंगा सोलत होती. ती आधी हसली, मग माझं तोंड पाहून पुन्हा शेंगांकडे वळली. मी बेंजो पुन्हा माझ्या बाजूनं फिरवला आणि ठरवलं, आता हा फिरणार नाही.

सकाळी तर्री-पोह्यांच्या वेळी अध्यक्ष स्वतः आमच्याजवळ आले. रात्रीत त्यांना युक्ती सुचली होती, आणि युक्ती वाईट नव्हती.

"बाई, असं करा. तुम्ही रांगेच्या सामोर बसा. तोंड आमच्याकडे, पाठ लोकांकडे. मंग तुमचा बेंजो आमच्यासारखाच दिसते. तुमचंही होते, आमचंही होते."

भोवतीचे सगळे वाहवा करायला लागले. खरंच होतं ते. समोरून बसलं की माझी उलटी बाजू त्यांची सरळ बाजू होते. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, यांना आज कळलं. जाऊबाईनं माझा हात दाबला. "तुमचं काय जाते ताई? वाजवाले तर मिळते."

क्षणभर मलाही वाटलं, काय जातं. रांगेत नाही तर रांगेसमोर. मग डोळ्यांपुढे चित्र आलं: सगळ्या गावाकडे पाठ करून बसलेली मी. माझी वेणी दिसेल, पोलक्याची पाठ दिसेल, हात दिसणार नाहीत. जे हात लपवायचे म्हणून हा सगळा खटाटोप, ते लपतील. स्पीकरच्या मागची सगळी वर्षं एकदम आठवली. मला तेव्हा कळलं की मी ते मनावर घेतलं होतं, चांगलंच घेतलं होतं.

"नाही साहेब," मी म्हणाले. "मी लोकांना पाठ दाखवाले नाही आली."

पोहे तसेच ठेवून मी मंडपात गेले आणि रांगेच्या डाव्या टोकाला, तोंड लोकांकडे करून बसले. बेंजो माझ्या बाजूनं. मांडी घट्ट घातली. हळूहळू रांग भरली. माझ्या शेजारी सालेकशाकडचे एक म्हातारे येऊन बसले आणि त्यांनी माझ्या माइकचा दांडा थोडा माझ्याकडे वळवला. गाव समोर सतरंज्यांवर जमलं होतं. अध्यक्ष सगळ्यांत शेवटी आले, मधल्या जागेवर बसले, माझ्याकडे पाहिलं आणि माइकवरच म्हणाले, "बाई फिरल्याशिवाय चाल सुरू होणार नाही."

रांगेतल्या सगळ्यांनी हात मांडीवर ठेवले. कुणी घसा खाकरला. सतरंजीवरून एक म्हातारी ओरडली, "काऊन थांबले जी? पोरं भुकेली हायेत!" लोक हसले. अध्यक्ष हसले नाहीत.

मी सुरुवात केली. परवानगी कुणाची घ्यायची होती? चाल सगळ्यांची होती, आणि ती मला येत होती. मुखडा एकटीनं वाजवला. एवढ्या मोठ्या मंडपात एक बेंजो फार बारीक वाटतो, आपलाच आवाज आपल्याला परका लागतो. मुखडा संपला, कुणी आलं नाही. मी तोच पुन्हा घेतला, आधीपेक्षा जोरात. कान लाल झाले होते, पण डावा हात ठरल्यासारखा चालत होता. तिसऱ्यांदा घेतला तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्यांनी पट्टी उचलली. मग त्यांच्या पलीकडच्यानं. मग ढोलकी आली आणि ढोलकी आल्यावर हात मांडीवर ठेवणं कुणालाच जमेना. रांग वाजू लागली. अध्यक्ष शेवटच्या कडव्यात आले. राहवलं नाही म्हणून आले की मधलीच जागा मुकी दिसेल म्हणून, ते त्यांनाच ठाऊक. वाजवलं मात्र सुरेख, तेवढं कबूल.

जेवताना ते दूरच्या पंगतीत बसले. मी डाळ दोनदा मागून घेतली.

पुढच्या आठवड्यात मोबाइलवर मेळाव्याच्या ग्रुपमध्ये व्हिडिओ आला. जाऊबाई धावत अंगणवाडीत आली, रागानं लाल. रांगेचं डावं टोक कापलं होतं. शेजारचे म्हातारे अर्धे दिसत होते आणि त्यांच्या पुढे चौकट संपत होती. मी नव्हतेच. लुगड्याचा काठसुद्धा नव्हता. जाऊबाई म्हणाली, ग्रुपवर चांगलं झाडून काढते एकेकाला. मी म्हटलं, थांब, आधी ऐकू तर दे.

ऐकलं, आणि मला हसू आवरेना. मला त्यांनी कापलं, पण सुरुवात कापता आली नव्हती. ती कापली असती तर चालीला मुखडाच उरला नसता. म्हणून व्हिडिओत आधी दिसते पुरुषांची लांबच लांब रांग, मधोमध बिल्ला लावलेले अध्यक्ष. सगळे सरळ बसलेले, सगळ्यांचे बेंजो एकसारखे, सगळ्यांचे हात मांडीवर. कुणाचं बोट हलत नाही. आणि बेंजो वाजतोय.

त्या ग्रुपवर मी काहीच लिहिलं नाही. पण व्हिडिओ आता गावातल्या मोबाइलवर फिरतोय, आणि अंगणवाडीत पोरांना सोडायला येणारी एकेक आई तो दाखवून विचारते, हा कोण वाजवून राहिला जी? मी तिच्यासमोर डावा हात धरते.